वरात अडली की एक नंबर

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मार खाऊन. क्लॅरिनेट मात्र आपखुशीनं शिकलो आणि अजून वाजवतो, कवळी घट्ट बसवून. हे आधीच सांगतो, कारण परवा एकानं मला विचारलं, "मास्तर, नानांवर तुम्ही लिहिणार? बँडवाले?" हो, बँडवाला. नाना गेले तेव्हा दोन शब्द बोलायला जे चार मोठे लोक उभे राहिले, त्यांनी नानांना 'संगीतप्रेमी' म्हटलं. मी तिथंच उठणार होतो, नानांच्या मंडळींनी, अक्कांनी, डोळ्यानं खाली बसवलं. नानांचं संगीतावर कधीच प्रेम नव्हतं. त्या माणसाला सूर आणि गिरणीचा भोंगा यातला फरक कळत नव्हता. ज्यांना एवढं साधं ठाऊक नाही त्यांनी बोलायचं आणि मी गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. म्हणून लिहितो. कानामात्रा चुकला तर छापणारा बघून घेईल.

नाना माझे घरमालक. धुळ्याच्या जुन्या भागात एका गल्लीत बँडवाल्यांची दुकानं आहेत, त्यातला एक गाळा नानांचा. खाली आम्ही. भिंतीला ढोल टांगलेले, खुंटीला लाल कोट, दाराशी सुपारी घ्यायला टेबल. वर नाना आणि त्यांच्या मंडळी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. नाना कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. पण ती नोकरी म्हणजे घर चालवायला. खरं काम घरी आल्यावर सुरू व्हायचं.

काम काय, तर देशोदेशीच्या गाण्यांचे नंबर उतरवणं. त्या त्या देशात या आठवड्याला पहिलं गाणं कोणतं, दुसरं कोणतं, कोणतं वर चढलं, कोणतं घसरलं. बऱ्याच देशांच्या रेडिओवर अशी यादी सांगत. नाना शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा फिरवून ती पकडायचे आणि लिहून घ्यायचे. हॉलंड, फिनलंड, ब्राझील, जपान. भाषा एकही येत नव्हती. आकडे तेवढे सगळ्या भाषांतले पाठ. फिनलंडचे आकडे तर ते आंघोळ करताना म्हणायचे, दुसरा माणूस स्तोत्र म्हणतो तसे. गाण्याचं नाव जसं कानावर पडेल तसं बाळबोध अक्षरात लिहायचं, मग त्या देशातल्या अशाच कुणा छंदी माणसाला पत्र टाकून खरं नाव मागवायचं. उत्तर यायला पावसाळा उलटून जायचा. आलं की नाना त्या दिवशी जिनिंगला दांडी मारायचे आणि जुनी पानं काढून दुरुस्त करत बसायचे. पुढे जुन्या मासिकांची कात्रणं, दुकानांनी छापलेली पत्रकं, असलं काय काय त्या लोकांशी अदलाबदल करून त्यांनी रेडिओच्या आधीची वर्षंही जोडायला घेतली. लोक शेत जोडतात, नाना मागचे आठवडे जोडत.

आमच्या भाडेकरारात एकच अट होती आणि ती तोंडी होती. "मास्तर, चार ते पाच हॉलंड आहे. ढोल बंद."

आता लग्नसराईत बँडवाल्याला तालीम करायची तर तीच वेळ. सकाळी सुपाऱ्या, संध्याकाळी वराती. मी सुरुवातीला भांडलो. मी म्हटलं, "नाना, हॉलंड आम्हाला भाकरी घालणार का?" ते म्हणाले, "घालणार नाही. पण गाळा माझा आहे." मी ढोल परत भिंतीला टांगायला लावले. एकदा आमच्या ढोलवाल्यानं नेमकी त्या वेळेला थाप दिली. नाना जिन्यावरून धोतर सावरत खाली आले. ते एरवी ऑफिसातलं मराठी बोलायचे, रागावले की अहिराणीत यायचे.

"हॉलंडना सातवा नंबर ग्या," ते म्हणाले. "आते तो कोठून आणू? तुना बाप हॉलंडले ऱ्हास का?"

ढोलवाला म्हणाला, "नाना, सहावं मियनं, आठवं मियनं. मधमा कोन्हतं बी टाकी द्या. कोन देखस?"

"मी देखस ना," नाना म्हणाले आणि वर गेले.

तो सातवा नंबर पुढे कितीतरी वर्षं कोरा होता. कोरा म्हणजे कोरा, साधी रेघही नाही. नानांच्या कागदांत अशा कोऱ्या जागा पुष्कळ होत्या. वीज गेली, कोरी. ताप आला, कोरी. अक्कांनी ओलं धोतर एरियलच्या तारेवर वाळत घातलं त्या आठवड्याचा अख्खा ब्राझील कोरा. त्या दिवशी मी खालून ऐकत होतो. नाना ओरडत होते आणि अक्का शांतपणे सांगत होत्या, "ब्राझीलले सांगा, धोतर सुकस तवलग थांब."

गाणं आवडणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. मी एकदा विचारलं, "नाना, जगातली एवढी गाणी ऐकली. तुमच्या मनात बसलेलं कोणतं?"

"मनात कशाला बसवायचं?"

"तसं नाही, आवडलेलं."

"मास्तर, मंडईतल्या काट्याला वांगी आवडतात का?"

आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर विनोद केल्याचं काही नव्हतं. खरंच त्यांना तसं वाटत होतं. माझं वाजवणं त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. बाकी गल्ली मला मास्तर मास्तर करून लग्नाच्या दिवशी मागच्या दारानं जेवायला बसवणारी. नानांकडे दोन्ही नव्हतं. मला ते बरं वाटायचं.

आता खरी गोष्ट सांगतो.

हॉलंडमध्ये नानांच्या वयाचा एक म्हातारा होता. त्याचा आणि नानांचा पत्रव्यवहार जुना. पुढे नानांच्या पोरानं पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हा पत्रांच्या जागी मेल आले. नाना एका बोटानं टाइप करायचे, पिठात अळी शोधावी तसे. त्या हॉलंडवाल्यानं एकदा विचारलं, तुम्ही आम्हा सगळ्यांच्या देशांचे नंबर ठेवले, तुमच्या स्वतःच्या गावी कोणतं गाणं पहिलं आहे? नानांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांची यादी पाठवली. त्यानं परत विचारलं, हे तर सगळ्या देशाचं झालं. तुमच्या घराबाहेर माणसं कोणतं म्हणतात?

पाच वाजून गेले होते, खाली आमची तालीम सुरू झाली होती. नाना जिना उतरून आले, चष्मा कपाळावर. आम्ही अहिराणी गाणं बसवत होतो, त्या वर्षी सगळ्या खान्देशात गाजत होतं ते.

"मास्तर, हे कितवं?"

"काय कितवं?"

"हे गाणं. कितव्या नंबरचं?"

मी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. मला उभ्या आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. अहिराणी गाण्याला नंबर असतो, हेच कुणाच्या डोक्यात नाही. जळगावला एका हॉलवर नवरीच्या बापानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मास्तर, ते गावठी वाजवू नका. आमचे पाहुणे पुण्याचे आहेत." असल्या गाण्याला हा माणूस फिनलंडच्या शेजारी बसवायला निघाला होता.

"एक नंबर," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी सांगतो ना."

"तुमच्या सांगण्यावर मी लिहीत नाही. हॉलंडमध्ये दुकानात खप मोजतात. इथं काय मोजायचं?"

आमचा सिंथवाला, कीबोर्ड वाजवणारा, म्हणाला, फोनवर किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा येतो, तो घ्या. नाना म्हणाले, फोनवर माणूस झोपेतही बोट लावतो, तो आकडा मला नको. मग ढोलवाला, सिंथवाला, मी, सगळे आपापलं सांगायला लागलो. तेव्हा मी जे बोललो ते मी विचार करून बोललो नव्हतो. मी म्हटलं, "नाना, बँडवाल्याला विचाराल तर वरात जिथं अडते ते गाणं एक नंबर. बाकी गाण्यांवर वरात चालते. एखादंच गाणं असं येतं की त्यावर पाय पुढे जातच नाहीत. मुहूर्त टळतो, भटजी माणूस पाठवतो, नवरदेवाचा मामा ओरडून ओरडून घसा बसवून घेतो, पण वरात जागची हलत नाही. ते गाणं."

नानांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मग म्हणाले, "किती अडते, हे मोजता येईल."

झालं. त्या वैशाखापासून नाना आमच्याबरोबर वरातीत. जिनिंगमधून ते तोवर निवृत्त झाले होते, पायात गोळे यायचे, पण छत्री, घड्याळ आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद घेऊन बँडच्या आणि नाचणाऱ्यांच्या मधोमध चालायचे. वरात थांबली की घड्याळ बघायचे, सुटली की परत बघायचे. दुसऱ्या बँडच्या वरातींनाही जायचे. मी त्या मास्तरांना सांगून ठेवायचो. लोकांना वाटायचं, आवाजाचं माप घ्यायला सरकारी माणूस आला. नरडाण्याला नवरीच्या बापानं त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, टोपी-उपरणं देऊन हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आवाज कमी लिहा." नानांनी टोपी घातली, सरबत प्यायले आणि सांगितलं, "मी आवाज लिहीत नाही. तुमच्या जावयाचे मित्र कोणत्या गाण्याला अडले ते लिहितो." तो माणूस आणखीच घाबरला.

जळगावला तसल्याच पुण्याच्या पाहुण्यांच्या आणखी एका लग्नातही होते ते. आम्ही सांगितल्याप्रमाणे नुसती हिंदी वाजवली आणि वरात अशी निघाली की ऑफिसला चालली आहे. मुहूर्ताच्या आधी मांडवात हजर. नवरीचा बाप खूष. नानांनी कागदावर लिहिलं, 'वरात वेळेवर पोचली', आणि मला दाखवून म्हणाले, "कोरी." परतीच्या वाटेवर त्यांच्या त्या कागदाचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कुणी दिलेल्या शालीचाही वाटलेला नाही.

आणि चूक. ती मी झाकणार नाही, कारण नानांनी झाकली नाही.

फैजपूरला एक वरात होती. अरुंद रस्ता, दोन्हीकडे घरं, नवरदेव घोड्यावर. आम्ही एक नवीन गाणं धरलं आणि वरात अडली ती अडलीच. आम्ही तेच गाणं परत घेतलं, पुन्हा घेतलं. नाचणारी पोरं घामानं न्हाली. नाना घड्याळ बघतात आणि लिहितात, बघतात आणि लिहितात, चेहरा असा की ब्राझील घरी जेवायला आला आहे. त्या एका वरातीवर ते गाणं खान्देशात पहिलं झालं.

मी बँडच्या गाडीवर उंच उभा होतो, मला पुढचं दिसत होतं. पुढे वळणावर केळीचा ट्रक आडवा उभा होता. घड भरायचं काम चालू होतं आणि भरणारे काही घाईत नव्हते. वरातीला पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून पोरं नाचत होती.

परतताना गाडीत मी सांगितलं. नाना म्हणाले, "पण लोक नाचत होते."

"नाचत होते, नाना. पण अडवलं केळीनं."

"मी गाण्यावर अडलेलं पाहिलं."

"तुम्ही मागचं पाहिलं. पुढं ट्रक होता."

नानांनी पुठ्ठा उलटा करून मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, आता गाळा खाली करायला सांगतात. दुसऱ्या दिवशी चार वाजता, हॉलंडच्या वेळेला, ते खाली आले. हॉलंडची ती यादी रेडिओवर लागणं कधीच बंद झालं होतं, पण ढोल बंद ठेवायची पद्धत आम्ही मोडली नव्हती. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. पहिल्या नंबरावर काट मारलेली आणि शेजारी त्यांच्या कारकुनी अक्षरात लिहिलेलं, 'फैजपूर, केळीचा ट्रक'. म्हणाले, "पुढच्या वेळेपासून एक माणूस वरातीच्या पुढे चालेल. रस्ता मोकळा असेल तरच अडणं मोजायचं." तेव्हापासून आमचा झांजवाला पुढे चालायचा. मोकळं असलं की हात वर करायचा. लोकांना वाटायचं, नाचायची नवी पद्धत आहे.

मग ते पुस्तक निघालं.

हॉलंडवाला आणि त्याच्यासारखे देशोदेशीचे म्हातारे मिळून सगळ्यांच्या जुन्या याद्या एकत्र छापणार होते. नानांच्या याद्या त्यांना हव्या होत्या, आणि एका लहानशा देशाच्या तर नानांशिवाय कुणाकडेच उरल्या नव्हत्या. त्या देशाच्या रेडिओचे कागद गेले होते आणि त्या देशात त्या काळी कुणी लिहून ठेवलं नव्हतं. धुळ्यात लिहून ठेवलं होतं. नानांनी सगळं पाठवलं आणि त्याच्याबरोबर एक पान जास्तीचं पाठवलं: खान्देश. वर मोजण्याची पद्धत लिहिली, कोऱ्या जागा का कोऱ्या ते लिहिलं आणि केळीच्या ट्रकचंही लिहिलं.

मी म्हटलं होतं, "नाना, ट्रकचं कशाला लिहिता? त्यांना कोण सांगायला जातंय?"

ते म्हणाले, "कोणी सांगणार नाही म्हणूनच मी सांगतो."

उत्तर आलं. नानांनी मला वर बोलावून वाचून दाखवलं. खान्देश हा वेगळा देश नाही, पण ते चालवून घेऊ. इथं खप मोजलेला नाही, लग्नात माणसं अनेक कारणांनी थांबतात, तुम्हीच एक चूक कळवली आहे. म्हणून या पानावर 'अंदाजे' असा शब्द घालावा लागेल. बाकी सगळ्या देशांवर तुमचं नाव राहील.

"एवढंच ना?" मी म्हटलं. मला खरंच सोपं वाटलं. आमच्या बँडचं नावही त्या पानाखाली होतं, ज्यांच्या वरातीत मोजलं त्या सगळ्या मास्तरांची नावं होती. परदेशात छापलेल्या पुस्तकात. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू.

नानांनी चष्मा काढला. "मास्तर, मी अंदाज केला?"

"नाही."

"तुम्ही केला?"

"नाही."

"झांजवाल्यानं?"

"नाही, पण नाना, एक शब्द..."

"तर मग ते म्हणतात ते खोटं आहे. खोट्याखाली मी सही करत नाही."

त्यांनी उत्तर लिहिलं. त्या लहान देशाच्या याद्या त्या देशाच्या आहेत, मी फक्त ऐकल्या, त्या खुशाल छापा, बाकीच्याही छापा. मात्र माझ्या गावाचं पान जसंच्या तसं नसेल तर माझं नाव कुठंच नको, सगळ्या पानांवरून काढा. त्यांनी काढलं. जाड पुस्तक आलं टपालानं. नानांनी आपल्या याद्या एकेक करून तपासल्या, दोन ठिकाणी छापणाऱ्याची चूक सापडली ती कळवली, आणि पुस्तक कपाटावर ठेवलं. अक्का महिनाभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. जिन्यात मला म्हणाल्या, "जनम घाली दिना त्यामा आनि नाव काढी लिनं. असा मानूस देखा व्हता का कधी?"

नव्हता पाहिला.

नाना गेल्या होळीच्या आसपास गेले, दुपारी झोपेत. आता अंत्ययात्रेचं वगैरे लिहीत नाही, तसं लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. आवडणं हा शब्द त्यांना लागू नाही, पण समजून घ्या.

या लग्नसराईत त्यांचा पोरगा पुण्याहून आला. चांगला आहे पोरगा, मला मास्तरकाका म्हणतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. हॉलंडच्या म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की नानांचं नाव सगळ्या पानांवर परत घालतो, खान्देशचं पानही घालतो, बँडवाल्यांची नावंही घालतो. शब्द मात्र तोच राहील, 'अंदाजे', पण अगदी बारीक अक्षरात. ज्याच्या बँडपासून मोजणी सुरू झाली त्या मास्तराची संमती हवी. म्हणजे माझी.

आम्ही वर बसलो होतो, अक्का भिंतीला टेकून. पोरगा म्हणाला, "काका, बारीक अक्षरात आहे. कोण वाचणार? बाबांचं नाव जगात जाईल. तुमच्या बँडचंही जाईल."

"तुझ्या बाबांनी नको म्हटलं होतं."

"बाबा हट्टी होते."

"मीही आहे."

तो हसला, पण चिडला होता. "काका, तुम्हाला हट्टाचं कौतुक आहे. मला लोक विचारतात, तुझे वडील काय करायचे? मी काय सांगू? जिनिंगमध्ये होते? दाखवायला काही आहे का माझ्याकडे? त्या पुस्तकात त्यांची एवढी पानं आहेत आणि नाव एकावर नाही."

 मी अक्कांकडे बघितलं. मनात म्हटलं, या हो म्हणाल्या तर मी अंगठा, सही, काय म्हणतील ते देतो. नाना माझे घरमालक होते, त्यांचे नवरा होते.

अक्का म्हणाल्या, "माले बी ते नाव पाहिजे, मास्तर. कसाले खोटं बोलू. माले वाचता येत नही, पन कोन्ही बोट लाईसन दखाडं असतं तं बरं वाटतं." मग पोराला म्हणाल्या, "त्या शब्दाना अर्थ काय शे रे?"

"अंदाजे म्हणजे नक्की नाही असा. साधारण."

"मंग तुना बाप वैशाखना उनमा कसाले जाये? साधारण तं घरमा बठीसन बी व्हस."

  अक्का उठल्या आणि चहा टाकायला गेल्या, जाताना पदरानं डोळे पुसले, ते मी पाहिलं. त्यांना नाव हवंच होतं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं, आणि मला अजून बारीक अक्षराचा मोह होता, याची मला लाज वाटली नाही, पण राग आला. स्वतःचा.

मी पोराला म्हटलं, "लिही. मी सांगतो तसं लिही, तुझं त्यात काही मिसळू नको, फक्त इंग्रजीत कर."

त्यानं फोन काढला. मी सांगितलं:

"तुमचं पत्र पोचलं. नानांचं नाव परत लावायला तयार आहात, बरं वाटलं. पण तो शब्द चालणार नाही. जे मोजलं ते मोजलं. चुकलं ते आम्हीच कळवलं. माहीत नाही तिथं जागा कोरी आहे. तुमच्या देशात किती तबकड्या खपल्या हे दुकानदारानं सांगितलं आणि तुम्ही मानलं, त्यापुढे असा शब्द लावला नाही. आमच्याकडे माणसं उन्हात उभी राहिली, रस्ता मोकळा असताना उभी राहिली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पान घ्यायचं तर आहे तसं घ्या, नाहीतर राहू द्या. नानांचं नाव नाही म्हणून नानांचं काम कमी होत नाही, ते तुमच्याच पुस्तकात आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे ते कुणाचं आहे. शंका असेल तर वैशाखात धुळ्याला या आणि वरातीबरोबर चाला. राहायची सोय माझ्याकडे. पायात जाड तळाचं घाला, डांबर तापतं."

पोरगा लिहीत होता, शेवटी थांबला. "काका, ते कदाचित सगळंच सोडून देतील. मग कधीच येणार नाही नाव."

"माहीत आहे."

"पाठवू?"

स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "धाडी दे."

त्यानं पाठवलं. चहा झाला. खाली गाडीवर ढोल चढवत होते, संध्याकाळी सोनगीरला वरात होती. मी कोट चढवला, डोक्याला बांधायचा फेटा काखेत धरला. पोरगा माझ्या मागोमाग जिना उतरला. आमच्याबरोबर वरातीला तो कधी आला नव्हता, लहानपणी लाजायचा आणि नंतर पुण्याला गेला. गाडीपाशी येऊन उभा राहिला, खिशात हात घालून.

"काका, आज सोनगीरला कोणतं गाणं पहिलं येईल?"

"आत्ता सांगितलं तर तो अंदाज झाला," मी म्हटलं. "गाडीत बस. तुला झांजवाल्याबरोबर पुढे चालायचं आहे."